आपलं बघणं ओटीटीवाले कसं मोजतात, आन ते समजून मराठवाड्याची सिरीज कशी लिहायची

कॅमेरा भाड्यानं आणून, मित्राच्या शेतात शूट करून, यूट्यूबला एपिसोड टाकणारी पोरं-पोरी आता बीड, लातूर, परभणी, नांदेड सगळीकडं दिसायलेत. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना पुढं नेटफ्लिक्ससारख्या मोठ्या ॲपवर जायचंय. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहायलोय. ॲपवाल्यांना आपण काय बघितलं, किती बघितलं, कुठं सोडलं हे मिनिटावर कळतं, पण का सोडलं हे कळत नाही, आन ते कळून घ्यायची सोय फक्त आपल्याकडं आहे कारण आपण त्याच लोकांत राहतो. ह्याच्यावरच सगळं काम उभं करायचं.

आधी ते काय मोजतात ते बघा. नेटफ्लिक्सनं मदतीच्या पानावर उघड लिहिलंय की शिफारस करताना तुम्ही आधी काय बघितलं, किती वेळ बघितलं, दिवसाच्या कुठल्या वेळेला, कुठल्या डिव्हाइसवर, कुठल्या भाषेत, थंब (आवडलं-नावडलं सांगणारा अंगठा) दिला का, आन तुमच्यासारखी आवड असलेले दुसरे लोक काय बघायलेत, हे धरलं जातं. वय आन बाई-माणूस हा फरक धरत नाही असंबी तिथंच लिहिलंय. म्हंजे तुम्ही परभणीचे पंचविशीतले आहात म्हणून तुम्हाला काही दाखवलं जात नाही, रात्री साडेदहाला मोबाईलवर क्राइमचे तीन एपिसोड सलग संपवणारं एक खातं म्हणून दाखवलं जातं. अशा सारख्या आवडीच्या खात्यांचे गट पाडलेले असतात, ते टेस्ट कम्युनिटी म्हणतात, दोनेक हजार गट आहेत असं कंपनीच्या लोकांनी सांगितलेलं आहे. हे गट जिल्हा, राज्य, देश बघून पाडलेले नाहीत. तेलंगणाच्या सीमेवरच्या देगलूरचा एखादा माणूस ज्याच्या घरात निम्मं बोलणं तेलुगूत चालतं आन जो डब केलेले तेलुगू पिक्चर सोडून काही लावत नाही, तो पुण्याच्या मराठी प्रेक्षकापेक्षा निजामाबादच्या माणसाच्या गटात पडायची शक्यता जास्त. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येतं.

तोंडी मतापेक्षा वागण्याला जास्त वजन कसं आलं हेबी बघा. २००६ ला नेटफ्लिक्सनं दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं होतं, प्रेक्षक किती स्टार देईल ह्याचा अंदाज १० टक्क्यांनी सुधारून दाखवा म्हणून, २००९ ला एका टीमनं ते जिंकलं, आन तरी २०१७ ला कंपनीनं स्टारच काढून टाकले आन थंब आणला. लोक स्टार देताना गंभीर डॉक्युमेंटरीला पाच देतात आन रोज रात्री लावतात मात्र कॉमेडी. मंग खरं कशाला धरायचं? तर लावलेल्याला.

मोजायची पट्टीबी बदलत गेली. २०१९ च्या शेवटापासून कोणी दोन मिनिटं बघितलं तरी एक व्ह्यू धरायचे. २०२१ ला एकूण तास मोजायला लागले. २०२३ च्या जूनपासून एकूण तास भागिले त्या सिरीजची पूर्ण लांबी, असा व्ह्यू काढतात. सात तासांची सिरीज ७० लाख तास बघितली गेली तर १० लाख व्ह्यू. म्हणजे उगी लांबण लावून तास वाढवले तर यादीत फायदा होत नाही. पहिल्या पट्टीत सुरुवात लई भारी करून मधी कसंबी चालून गेलं असतं, आता शेवटापर्यंत माणूस बसला पायजे.

डेटावरून गोष्ट बदलते कुठं

लोकांना वाटतं की कुठंतरी कॉम्प्युटर सांगतो, इथं भांडण टाका, तिथं गाणं टाका. माझ्या मते डेटाचं खरं वजन पडतं ते पैसे किती लावायचे, कुणासाठी लावायचे आन तयार झालेलं कुणाला कसं दाखवायचं ह्याच्यावर. पोस्टरचं उदाहरण घ्या. एकाच पिक्चरची चार-पाच चित्रं बनवून ठेवतात, लव्हस्टोरी बघणाऱ्याला जोडी दिसते, कॉमेडी बघणाऱ्याला विनोदी नट दिसतो. नेटफ्लिक्सच्या इंजिनिअरांनी डिसेंबर २०१७ ला हे सगळं खुलं लिहिलं होतं. तसंच डबिंग कुठल्या भाषेत करायचं, सबटायटल कुठल्या, हेबी बघण्यावरून ठरतं.

आपल्या देशातलं सगळ्यात स्पष्ट उदाहरण मोबाईल प्लॅनचं आहे. नेटफ्लिक्स जानेवारी २०१६ ला भारतात आलं, त्याच वर्षी सप्टेंबरला जिओ आलं, आन नेट स्वस्त झाल्यावर खेड्यातला माणूस फोनवरच सगळं बघायला लागला. जगात कुठल्याबी देशापेक्षा भारतातले सभासद मोबाईलवर जास्त बघतात हे कंपनीला दिसलं, तिनं जुलै २०१९ ला फक्त मोबाईलसाठी १९९ रुपयांचा प्लॅन काढला, डिसेंबर २०२१ ला तो १४९ वर आणला. ह्यातून लिहिणाऱ्या-काढणाऱ्यानं काय घ्यायचं? आपला प्रेक्षक तळहाताएवढ्या स्क्रीनवर, बऱ्याचदा बसमधी किंवा बांधावर उन्हात, फोनच्याच स्पीकरवर बघतो. रात्रीचा अंधारा सीन मॉनिटरवर कितीबी देखणा दिसू द्या, फोनवर काळी पाटी दिसते. लांबून घेतलेल्या शॉटमधी चेहरा ओळखू येत नाही. संवादाखाली संबळ-हलगी मोठ्यानं ठेवली की संवाद गेला. एडिट झाल्यावर पूर्ण एपिसोड एकदा साध्या फोनवर, हेडफोन न लावता, दुपारी बाहेर उभं राहून बघा, मगच अपलोड करा.

दुसरी गोष्ट, जगासाठी गोष्ट गुळगुळीत करायची गरज नाही. २०२१ ला स्क्विड गेम जगभर चाललं, त्याच्यात कोरियातलं कर्ज होतं, कोरियातल्या पोरांचे गल्लीतले खेळ होते, बाहेरच्याला समजावं म्हणून ते बदलले नव्हते. डिसेंबर २०२३ ला नेटफ्लिक्सनं पहिल्यांदा सहा महिन्यांचा मोठा अहवाल बाहेर काढला, १८ हजारांवर नावं, जवळपास १०० अब्ज तास, आन त्यातलं ३० टक्के बघणं इंग्रजी सोडून बाकी भाषांतलं होतं. आपल्याच देशात स्टेज नावाचं ॲप हरियाणवी, राजस्थानी, भोजपुरी अशा बोलींवर उभं राहिलंय. बोलीला गिऱ्हाईक आहे हे आता सिद्ध करत बसायची गरज नाही, मराठवाडी बोलीला आहे हे मात्र आपल्यालाच दाखवावं लागणारै.

पहिलं काम: स्वतःचा डेटा काढून बघा

हे कोणबी करू शकतं. नेटफ्लिक्स ब्राउझरमधी उघडा, अकाउंटमधी जा, तिथं वैयक्तिक माहिती डाउनलोड करायचा पर्याय आहे, विनंती टाका, ३० दिवसांच्या आत फाइल मिळते. उघडल्यावर व्ह्यूइंग ॲक्टिव्हिटी नावाची फाइल एक्सेलमधी टाका. प्रोफाइल, सुरू केल्याची वेळ, किती वेळ बघितलं, नाव, डिव्हाइस, कुठपर्यंत आलात ती खूण, देश, असे रकाने दिसतील. वेळ भारताची नसते, तिच्यात साडेपाच तास मिळवा, नाहीतर तुम्ही संध्याकाळी पाचला बघत होता असं वाटेल आन खरं तर साडेदहा वाजले असतात. सर्च हिस्टरीची फाइल वेगळी असते, तीबी बघा, त्यात तुम्ही काय शोधलं आन मिळालं नाही ते सापडतं. माझ्या दृष्टीनं ती फाइल जास्त मोलाची आहे, कारण लोक जे शोधतात आन त्यांना सापडत नाही तीच जागा मोकळी असते.

आता तो देशाचा रकाना बघा. त्यात आयएन लिहिलंय, इंडिया. जिल्हा त्या रकान्यात नाहीच.

दुसऱ्या ठिकाणी जागा कळते ती आयपी ॲड्रेसवरून, म्हंजे नेटच्या जोडणीला मिळालेल्या नंबरावरून, आन मोबाईल नेटवर्कचा आयपी बऱ्याचदा कंपनीचं जिथं मोठं गेटवे (नेट बाहेर पडायचं नाकं) आहे तिथला दिसतो, म्हणजे तुम्ही औंढा नागनाथला बसून बघितलं तरी नोंद मुंबई किंवा पुण्याची पडू शकते. मोबाईल कंपन्यांचा भाग, म्हंजे टेलिकॉमचं सर्कलबी मुंबई सोडून पूर्ण महाराष्ट्र आन गोवा एकच आहे. टीव्हीच्या रेटिंगमधी बार्क ही टीव्ही बघणं मोजणारी संस्था मराठीचा बाजार महाराष्ट्र-गोवा असाच एकत्र धरतं. मराठवाड्याचे आठ जिल्हे ह्या सगळ्यात कुठंच वेगळे दिसत नाहीत, आन जे दिसत नाही त्याच्यासाठी कोण पैसे लावणार? निजामाच्या हैदराबाद संस्थानात १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत राहिलेला हा भाग, इथली दखनी, इथलं खाणं, इथले उरूस आन जत्रा, तेलंगण-कर्नाटकाशी असलेली सोयरीक, हे सगळं 'मराठी' ह्या एका खणात टाकलं जातं आन मराठी म्हणून जे बनतं त्यात बहुतेक करून पुणं-मुंबई किंवा कोल्हापूर-सातारा दिसतं.

बीडच्या ऊसतोड कामगारांचं तर विचारूच नका. दसरा-दिवाळीनंतर कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आन कर्नाटकात जायचं, उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायचं. ते सहा महिने फड-खोपटावर बसून फोनवर जे बघतात ते जागेवरून मोजलंच तर बेळगाव किंवा कोल्हापूर भागात जमा होतं, बीडला नाही. मोसम चालू असताना बीडचा म्हणून जो काही आकडा निघंल त्यात ती माणसंच नसतात.

दुसरं काम: यूट्यूब स्टुडिओ वाचायला शिका

मोठ्या ॲपचा आतला डेटा आपल्याला मिळणार नाही, पण स्वतःच्या चॅनेलचा यूट्यूब स्टुडिओत मिळतो आन तो फुकट आहे. त्यात रिटेन्शनचा, म्हंजे लोक कुठपर्यंत टिकले त्याचा, आलेख सगळ्यात कामाचा. पहिल्या ३० सेकंदांनंतर किती टक्के लोक टिकले ते तिथं सरळ लिहून येतं. आलेख सपाट चालला तर लोक बसून बघायलेत, टेकाड आलं तर तेवढा भाग परत मागं घेऊन बघितला किंवा कोणी शेअर केला, खड्डा पडला तर तिथं लोक पुढं पळाले किंवा निघून गेले. प्रत्येक एपिसोडचे तीन खड्डे आन तीन टेकाडं एका वहीत वेळेसकट लिहा, समोर त्या वेळेला स्क्रीनवर काय चालू होतं ते लिहा. चार-पाच एपिसोड झाले की खोड कळायला लागते. बऱ्याच जणांचा पहिला खड्डा ड्रोन शॉट आन निर्मात्यांच्या नावांच्या पाट्यांवर पडतो. त्या पाट्या शेवटी टाका, सुरुवातच माणसाच्या तोंडच्या वाक्यानं करा.

बाकी तिथंच प्रेक्षक कुठल्या वारी कुठल्या तासाला यूट्यूबवर असतात ते जांभळ्या पट्ट्यांत दिसतं, मोबाईलवर किती आन टीव्हीवर किती ते दिसतं, सबटायटल कुठल्या भाषेतलं लावतात ते दिसतं. थंबनेलचीबी तुलना करता येते, एका व्हिडिओला तीनपर्यंत थंबनेल टाकून कुठल्यावर जास्त बघितलं गेलं ते यूट्यूब सांगतं. मोठी ॲप पोस्टरचं जे करतात त्याचीच ही लहान आवृत्ती आहे, वापरा.

तिसरं काम, आन हेच सगळ्यात मोठं: माणसांना विचारा

समजा तुमच्या एपिसोडला रात्री साडेअकराच्या आसपास बघणारे मधीच सोडून जायलेत. आलेख बघून पुण्यात बसलेला एडिटर म्हणेल, एपिसोड ढिला आहे, दहा मिनिटं कापा. तुम्ही गावात जाऊन विचारलं तर कळेल की दीड जीबीचा पॅक होता, दिवसाचा डेटा संपला, बाराला नवीन आला की परत लावला. किंवा शेतीपंपाच्या थ्री फेज लायटीची त्या फिडरवर रात्रपाळी चालू होती, मोटर सुरू करायला उठावं लागलं. किंवा घरात फोन एकच, पोरीचा अभ्यास होता म्हणून सासूबाईंनी तिला दिला. आलेखात ह्या सगळ्याची रेघ सारखीच दिसते. कंटाळून सोडलं आन मोटर लावायला उठला, दोन्हीला खड्डाच.

म्हणून प्रत्येक एपिसोडनंतर आठवड्याभरात पंधरा-वीस जणांशी बोला, आन तुमच्या मित्रांशी नाही. मित्र सगळं भारीच म्हणतात. आठवडी बाजारातला चहावाला, बचत गटातल्या बाया, लातूरच्या क्लासला राहिलेली बारावीची पोरं, एसटीचे कंडक्टर, तोडीवर गेलेल्यांचा मुकादम. आवडला का असं विचारू नका. विचारा: कुठं बंद केला? परत लावला का? कुणासंगं बघत होता? कुठलं वाक्य दुसऱ्याला सांगितलं? मोठ्या आवाजात लावला का हेडफोन घातला? शेवटच्या प्रश्नावरून लई कळतं, शिव्या आल्या की घरात हेडफोन लावावा लागतो आन मग बायामाणसं बघणाऱ्यांत राहत नाहीत, तुमचा निम्मा प्रेक्षक तिथंच गेला. व्हॉट्सॲपवर फाइल फिरली असेल तर तेबी विचारा, ते बघणं कुठंच मोजलं जात नाही.

कुणाचं नाव, नंबर, गाव लिहून घेणार असाल तर आधी सांगून, हो म्हणल्यावरच घ्या. २०२३ ला देशात डिजिटल वैयक्तिक डेटाचा कायदा झालाय, माहिती गोळा करणाऱ्यानं संमती घ्यावी हा त्याचा गाभा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी लोकांनी विश्वासानं सांगितलेलं तसंच जपायचं असतं.

चौथं काम: काय बदलायचं आन कशाला हात लावायचा नाही

वही समोर घ्या. एका बाजूला आलेखातले खड्डे, दुसऱ्या बाजूला लोकांनी सांगितलेली कारणं. डेटा पॅक, लाइट, एकच फोन अशी कारणं असली तर गोष्ट बदलू नका, मांडणी बदला: चाळीस मिनिटांचा एपिसोड बारा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत करा, प्रत्येक तुकडा स्वतःच्या पायावर उभा राहील असा, आन दुसऱ्या दिवशी परत लावणाऱ्यासाठी पात्रांची नावं संवादात येऊ द्या. कारण गोष्टीतलं असलं, म्हणजे तीन वेगवेगळ्या जणांनी म्हणलं की ती सून अशी का वागली कळलंच नाही, तर मग लेखनाला बसा.

बोली पातळ करू नका. मी हे जोर देऊन सांगतो कारण पहिला सल्ला नेहमी तोच मिळतो, थोडं प्रमाण मराठी करा, सगळ्यांना कळेल. कळण्यासाठी सबटायटल आहे. उदगीरची बोली आन जालन्याची बोली कानाला वेगळी लागते, गोष्ट उदगीरला घडत असेल तर नटाला महिनाभर तिथं बसवा, नाही जमलं तर तिथलाच नट घ्या. सबटायटल तीन करा: प्रमाण मराठी, हिंदी आन इंग्रजी. सबटायटल एडिट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात एसआरटी, म्हंजे सबटायटलची, फाइल बनते. एका ओळीत चाळीसेक अक्षरं, एका वेळेला दोनच ओळी, आन वाक्य तोडताना अर्थाच्या जागेवर तोडा. शब्दाला शब्द लावत बसू नका, पात्र रागात आहे का लाडात हे वाचणाऱ्याला कळलं पायजे.

तपशील मात्र इतके खरे ठेवा की दुसऱ्या कुठं ते बसूच नयेत. वेळ अमावस्येला लातूर-धाराशिवचं अख्खं गाव शेतात जातं, भज्जी आन आंबील असतं, रस्ते ओस पडतात. त्या दिवशी रिकाम्या गावात काय घडू शकतं हा एक आख्खा एपिसोड आहे. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर जी नवी गावं वसवली तिथली सरळ रेषेतली घरं, २०१६ ला मिरजेवरून लातूरला आलेली पाण्याची रेल्वे आन तिच्यामागचं त्या उन्हाळ्यातलं घराघरातलं भांडं-भांड्याचं राजकारण. हे दुसऱ्या कुणाकडं नाही. शेवटी शेतकऱ्याच्या आत्महत्येचा एक सीन टाकला की मराठवाडा झाला, हे आता थांबवा. इथं क्लासचालक आहेत, माहूरच्या डोंगरावर दुकान टाकलेल्या बाया आहेत, संभाजीनगरच्या एमआयडीसीत शिफ्ट करणारी पोरं आहेत, त्यांनाबी प्रेम होतं, त्यांचेबी खून होतात, तेबी हसतात.

टाकायची वेळ आपल्या कॅलेंडरवरून ठरवा. सोयाबीनच्या काढणीत कोणाला फुरसत नसते. पहिला एपिसोड साखर कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हंजे गाळप संपल्यावर, तोडीवरची माणसं घरी आल्यावर टाका. कॉलेजच्या पोरांसाठी असेल तर परीक्षा संपल्यावर.

आता मोठ्या ॲपकडं जायचं

नेटफ्लिक्स कुणाचीबी अशीच पाठवलेली कथा घेत नाही, ज्यांच्याशी त्यांचं आधीपासून काम आहे असा निर्माता किंवा एजंट मधी लागतो. म्हणून आधी मुंबईतल्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासद व्हा आन स्क्रिप्ट तिथं ऑनलाइन रजिस्टर करा, मगच कुणाला वाचायला द्या. मग मराठीत काम केलेले निर्माते शोधा. नेटफ्लिक्सची आठवड्याची टॉप टेन यादी देशानुसार डाउनलोड होते, भारताची यादी काढून वर्षभरात कुठल्या भाषेतलं काय किती आठवडे टिकलं ते बघा, त्या पिक्चर-सिरीजच्या शेवटच्या पाटीवर निर्मात्याचं नाव असतंच.

त्यांच्यासमोर ठेवायचा कागद दोन पानांचा करा. पहिल्या पानावर गोष्ट, पात्रं, जागा. दुसऱ्या पानावर तुमच्या चॅनेलचे खरे आकडे, फुगवलेले नाहीत: ३० सेकंदांनंतर किती टिकले, शेवटपर्यंत किती, सबटायटल लावून बघणारे किती, म्हणजे बोलीच्या बाहेरचे किती जण आले ते त्यांना दिसंल. त्याच्याखाली वहीतल्या पाच-सहा ओळी, कुठं सोडलं आन का सोडलं. आकडा त्यांच्याकडं आपल्यापेक्षा हजारपट आहे, ह्या पाच-सहा ओळी मात्र त्यांना दुसरीकडून मिळत नाहीत, म्हणून त्या वाचायला सोप्या आन ठळक टाका. लिंक पाठवताना चॅनेलची नको, सगळ्यात जास्त टिकलेल्या एपिसोडची द्या, इंग्रजी सबटायटल चालू करून.